गुडघाभर पाण्यात गाडी का वाहून जाते?

प्रतिनिधी

मृग नक्षत्र लागल्यापासून परतीचा पाऊस सरेपर्यंत राज्यातील वृत्तपत्रांत एक बातमी दरवर्षी ठरलेली असते. पुलावरून पाणी वाहत असताना चालकाने गाडी घातली आणि गाडी वाहून गेली. गावाचे नाव बदलते, ओढ्याचे किंवा नाल्याचे नाव बदलते. गाडी कधी दुचाकी असते, कधी जीप, तर कधी एसटीची बस. बाकीचा तपशील मात्र बहुधा तोच असतो. पाणी फार वाटत नव्हते, आधीची गाडी सुखरूप गेली होती आणि पलीकडचा काठ अगदी समोर दिसत होता.

अशा दुर्घटनेनंतर ‘चालकाचे नको ते धाडस’ असा शेरा मारून विषय संपवला जातो. परंतु वाहून गेलेल्या गाड्यांचे अनेक चालक अनुभवी असतात आणि रस्ताही त्यांच्या रोजच्या परिचयाचा असतो. त्यांचा अंदाज चुकतो, आणि तो का चुकतो हे समजून घेण्यासारखे आहे. पाण्याचा धोका आपण त्याच्या खोलीवरून जोखतो आणि गाडीची ताकद तिच्या वजनावरून. वाहत्या पाण्यात हे दोन्ही हिशेब फसतात.

वजनाचा भ्रम

टनभर वजनाची मोटार गुडघाभर पाणी कसे हलवणार, असा प्रश्न सहज पडतो. त्याचे उत्तर शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजच्या सिद्धान्तात आहे. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर उचलतो. मोटार ही या दृष्टीने एक मोठी पोकळ पेटी आहे. दारे-खिडक्या बंद असल्याने पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि तोपर्यंत ती होडीसारखी वागते.

ढोबळ हिशेब करून पाहू. लहान मोटारीचे वजन सुमारे ८५० किलो धरू. आत चार माणसे बसली की ते ११०० किलोच्या घरात जाते. गाडीच्या तळाचा पाणी अडवणारा भाग साधारण ५ चौरस मीटर असतो. म्हणजे तळाच्या वर पाणी १० सेंटीमीटर चढले की गाडीला सुमारे ५०० किलोचा वरचा जोर मिळतो. तळ जमिनीपासून १७ सेंटीमीटर उंच असेल, तर रस्त्यावर ३० सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम फूटभर पाणी असताना गाडीचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याने उचललेले असते. पाणी ४० सेंटीमीटरला पोहोचेपर्यंत टायरवर जवळजवळ भारच उरत नाही. ही उंची गुडघ्याच्याही थोडी खालीच येते.

टायरवर भार नसला की पकड नसते, आणि पकड नसली की सुकाणूही चालत नाही व ब्रेकही लागत नाही. चालकाला गाडी आपल्या ताब्यात आहे असे वाटत असते. प्रत्यक्षात ती पाण्याच्या ताब्यात गेलेली असते.

वेग दुप्पट, जोर चौपट

पाणी संथ असेल तर तरंगणारी गाडी जागीच हेलकावे खाईल. परंतु पुलावरून जाणारे पाणी वाहते असते आणि ते गाडीच्या बाजूवर आडवे आदळते. या धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट आणि वेग तिप्पट झाला की जोर नऊपट होतो.

लहान मोटारीच्या बाजूवर २५ सेंटीमीटर उंचीपर्यंत पाणी आदळत आहे असे धरू. प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर गाडीवर ढोबळमानाने ५० किलोचा रेटा येतो. वेग २ मीटर झाला की तोच रेटा २०० किलोच्या आसपास जातो. सेकंदाला २ मीटर म्हणजे ताशी सुमारे ७ किलोमीटर. माणसाच्या झपाझप चालण्याहून हा वेग थोडाच अधिक आहे. काठावर उभे राहून पाहणाऱ्याला असे पाणी ‘जोरात’ वाटतही नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाच्या जल संशोधन प्रयोगशाळेने २०१७मध्ये प्रत्यक्ष मोटारी पाण्यात ठेवून चाचण्या घेतल्या. सुमारे १०५० किलो वजनाची लहान मोटार अवघ्या १५ सेंटीमीटर खोल आणि सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात सरकू लागली. पाणी ६० सेंटीमीटर झाले तेव्हा ती पूर्णपणे तरंगली. अडीच टन वजनाची, चारही चाकांना जोर देणारी मोठी गाडी त्याच वेगाच्या पाण्यात ४५ सेंटीमीटर खोलीला अस्थिर झाली आणि ९५ सेंटीमीटरला तरंगली. मोठी गाडी घेतल्याने मिळणारी सवलत एवढीच, साधारण एका फुटाची आहे. उंच गाडीत बसल्यामुळे येणारा आत्मविश्वास मात्र त्याहून पुष्कळ मोठा असतो.

हीच गोष्ट बसलाही लागू आहे. बस जड असते, पण तिची लांब बाजू प्रवाहाला एखाद्या भिंतीसारखी आडवी येते. पाणी सामानाच्या कप्प्यांपर्यंत चढले की प्रत्येक १० सेंटीमीटरमागे दोन टनांहून अधिक भार पाणी उचलू लागते. २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातील दहागाव येथे नाल्यावरील पुलावरून पाणी वाहत असताना नांदेड-नागपूर मार्गावरील एसटीची बस वाहून गेली आणि त्यात मृत्यू झाले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२२मध्ये, नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात पुराच्या पाण्यात घातलेली स्कॉर्पिओ प्रवाशांसह वाहून गेली. दोन्ही वाहने दणकट म्हणून ओळखली जाणारी होती.

दुचाकीची अवस्था याहून नाजूक. तिचे वजन कमी असते आणि तोल दोन चाकांवर असतो. पाय टेकावा तर पायाखालची फरशी शेवाळाने निसरडी झालेली असते. वेगाने वाहणारे १५ सेंटीमीटर पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते. त्यामुळे गाडी ढकलत पायी पार करणे हा सुरक्षित पर्याय ठरत नाही.

पाण्याखाली रस्ता आहे का?

आतापर्यंतचा सर्व हिशेब पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे असे गृहीत धरून केला. पुरात तेवढीही खात्री देता येत नाही.

राज्याच्या ग्रामीण भागात ओढ्या-नाल्यांवर असंख्य फरशी पूल आहेत. मोठा पूर आला की पाणी वरून जाऊ द्यायचे आणि ओसरला की वाहतूक सुरू करायची, हेच गृहीत धरून ते बांधलेले असतात. वाहून आलेला काडीकचरा व झाडे अडून पुलावर ताण येऊ नये म्हणून त्यांना पक्के कठडे बहुधा नसतात. परिणामी गढूळ पाणी वरून वाहू लागले की पुलाची कड कुठे संपते हेच दिसत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरूनही अनेक ठिकाणी दुचाकींची ये-जा चालते. तेथे रुंदी मुळातच बेताची असते.

पुलावरून पडणारे पाणी खालच्या अंगाला जोरात आपटते आणि तेथील माती खरवडून नेते. भराव आतून पोखरला जातो. वरची फरशी किंवा डांबराचा थर काही काळ तसाच टिकून राहतो, पण त्याखाली पोकळी तयार झालेली असते. त्यावर चाक गेले की तो कोसळतो. पाणी ओसरल्यानंतरही हा धोका राहतो. म्हणूनच पूर उतरला तरी पुलाची पाहणी झाल्याखेरीज वाहतूक सुरू करणे योग्य नसते.

पाणी पुलाच्या पायाचे काय करू शकते, याचा दाखला महाराष्ट्राने २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पाहिला. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह काही वाहने नदीत गेली. त्या रात्री चालकांनी कोणताही अविचार केला नव्हता. ते महामार्गावरून आपल्या वाटेने जात होते. पाण्याखाली गेलेला फरशी पूल मात्र आपला धोका डोळ्यांसमोर मांडत असतो. तो पाहण्याची संधी तरी चालकाला मिळते.

पाऊस वर, पूर खाली

काठावर घेतलेला अंदाज पुलाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत टिकेल असेही नसते. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या उतारांवरून येणारे ओढे लहान असले तरी त्यांचे पाणी पाहता पाहता चढते. पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो, तेव्हा खालच्या गावात कदाचित लख्ख ऊन असते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यातील आंबिल ओढ्याने काही तासांच्या पावसात वस्त्यांमध्ये हाहाकार माजवला आणि उभ्या मोटारी एकमेकींवर नेऊन टाकल्या. एरवी हा ओढा शहरातून जाताना कोणाच्या लक्षातही येत नाही.

धरणांखालच्या नद्यांची गोष्ट आणखी वेगळी. तेथे पाणी पावसावर नव्हे, तर विसर्गावर चढते. पुण्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला की मुठेच्या पात्रातील बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि वाहतुकीस बंद केला जातो, हे पुणेकरांच्या अंगवळणी पडले आहे. मोठ्या नद्यांना निदान मोजपट्टी असते. कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजले जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी तेथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गावाबाहेरच्या ओढ्याला मात्र अशी पट्टी नसते. तेथे पाणी चढते आहे की उतरते आहे, हे सांगायला कोणी नसते.

रात्रीची वेळ असेल तर हे सारेच अवघड होते. दिव्यांच्या प्रकाशात ओला रस्ता आणि वाहते पाणी सारखेच चमकते. पाणी पुढे आहे हे लक्षात येते तोवर पुढची चाके त्यात गेलेली असतात.

साचलेले पाणीही घातक

शहरातील वाहनचालकाला ओढे-नाले दूरचे वाटतात. त्याच्यासाठी रेल्वेखालचे आणि चौकांखालचे भुयारी मार्ग तेवढेच धोक्याचे आहेत. मार्ग मध्यभागी सर्वांत खोल असतो, परंतु पाण्याचा पृष्ठभाग सपाट दिसतो. त्यामुळे सुरुवातीला चाकभर असलेले पाणी काही मीटर पुढे टपापर्यंत असू शकते. बेंगळूरु येथे २१ मे २०२३ रोजी के. आर. सर्कलच्या भुयारी मार्गात मोटार बुडून एका तरुणीचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२४मध्ये फरिदाबाद येथे रेल्वेखालच्या भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात मोटार अडकून बँकेच्या दोन कर्मचाऱ्यांचा अंत झाला. दोन्ही ठिकाणी नदी नव्हती आणि प्रवाहही नव्हता.

मुंबईकरांना २६ जुलै २००५ विसरता येणार नाही. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि काही जण रस्त्यात थांबलेल्या बंद मोटारींमध्येच गुदमरून मरण पावले. पाणी शिरल्यावर विजेवर चालणारी कुलपे आणि काचा साथ देईनाशा झाल्या. गाडी हा आसरा आहे, ही समजूत त्या रात्री अनेकांना महागात पडली.

इंजिन बंद पडले की

गाडी तरंगली नाही, तरी ती मध्येच बंद पडण्याचा धोका उरतो. इंजिन हवा ओढून घेते. पाणी हवेच्या नळीपर्यंत पोहोचले की हवेबरोबर तेही आत जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे दट्ट्या अडतो, त्याचा दांडा वाकतो आणि इंजिन जागीच थांबते. पुढच्या वाहनाने उसळवलेली लाटही यासाठी पुरेशी असते. बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला की इंजिनाचे नुकसान कैकपटींनी वाढते.

विम्याच्या दृष्टीनेही ही बाब महत्त्वाची आहे. केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर पुरात झालेल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विम्यात पुराचा समावेश असतो. तथापि पाण्यात इंजिन चालू करण्याच्या प्रयत्नातून झालेले नुकसान कंपन्या अनेकदा त्यातून वगळतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. विजेवर चालणाऱ्या गाडीला हवेची नळी नसते हे खरे, पण तीही इतर गाडीइतकीच सहज तरंगते.

‘तो गेला, मग मी का नाही?’

हे सर्व ठाऊक असूनही गाडी पाण्यात का घातली जाते? याचे पहिले कारण पुढची गाडी. ती पार झाली की मागच्याला तो पुरावा वाटतो. प्रत्यक्षात तिचे वजन वेगळे असते आणि मधल्या काही मिनिटांत पाणीही बदललेले असते. दुसरे कारण काठावरची आणि गाडीतली माणसे. ‘चला, काही होत नाही’ असे म्हणणारे दोन-चार जण सर्वत्र असतात. बसमधील प्रवाशांना घरी जायचे असते आणि चालकाला वेळ गाठायची असते. तिसरे कारण सवय. शंभर वेळा पार केलेला पूल एकशेएकाव्या वेळीही तसाच वाटतो.

चौथे कारण अधिक अवघड आहे. अनेक गावांना दुसरा रस्ताच नसतो. दूध डेअरीला पोहोचवायचे असते, मूल शाळेतून आणायचे असते, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते. अशा माणसाला ‘थांबा’ म्हणणे सोपे आणि थांबणे कठीण. पुलाची उंची वाढवणे, पर्यायी रस्ता देणे, पावसाळ्यापूर्वी मोऱ्या साफ करणे, कडेला खोली दाखवणारे रंगवलेले खांब उभारणे आणि पाणी चढताच अडथळे लावून माणूस बसवणे ही शासकीय यंत्रणेची जबाबदारी आहे. ती पार पाडल्याशिवाय केवळ चालकाला दोष देणे न्यायाचे होणार नाही.

त्याच वेळी, लावलेला अडथळा बाजूला सारून गाडी पुढे नेणाऱ्याला कोणतीही यंत्रणा वाचवू शकत नाही. बंदीचा आदेश मोडणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हाही आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरात पुणे-बेंगळूरु महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोली येथे बंद ठेवावा लागला, तेव्हा मालमोटारींच्या लांबच लांब रांगा दिवसेंदिवस उभ्या होत्या. माल खराब झाला आणि हाल झाले. परंतु हे नुकसान भरून निघणारे होते.

गाडी पाण्यात सापडलीच तर

पाण्यात पडलेली मोटार लगेच बुडत नाही. साधारण पहिला एक मिनिट ती तरंगते आणि तोच मिनिट जीव वाचवणारा असतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी बुडणाऱ्या मोटारींवर दीर्घ काळ प्रयोग केले आहेत. सीटबेल्ट सोडा, खिडकी उघडा, मुलांना मोकळे करा आणि बाहेर पडा, हा त्यांच्या सांगण्याचा सारांश. फोन करण्यात हा मिनिट घालवू नये.

दरवाजा उघडण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो. बाहेर दोन फूट पाणी चढले की त्याचा दरवाजावरील दाब पावणेदोनशे किलोपर्यंत जातो. विजेवरच्या काचा सुरुवातीला काही क्षण चालतात, म्हणून त्या तत्काळ खाली कराव्यात. काच फोडावी लागलीच तर बाजूची, तिच्या कोपऱ्यावर घाव घालून फोडावी. समोरची काच दोन थरांची असते व सहजी फुटत नाही. त्यासाठी छोटी हातोडी हाताशी असावी, डिकीत नको.

प्रवाह जोरात असेल तर पाण्यात उतरू नये. खिडकीतून टपावर चढून मदतीची वाट पाहावी आणि ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. प्रवाहात पडल्यास पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवून हळूहळू तिरके काठाकडे सरकावे. प्रवाहाविरुद्ध पोहण्याचा प्रयत्न करू नये.

हे लक्षात ठेवा

- पुलावरून पाणी वाहत असेल आणि खालची फरशी दिसत नसेल, तर गाडी पाण्यात घालू नये. खोलीचा अंदाज बांधत बसू नये.
- आधीची गाडी पार झाली, हा आपल्या गाडीसाठी पुरावा नाही.
- पावसाळ्यात निघण्यापूर्वी वाटेतील फरशी पूल, भुयारी मार्ग आणि धरणाच्या विसर्गाची चौकशी करावी. पर्यायी मार्ग आधीच ठरवावा.
- रात्री अनोळखी रस्त्यावर पाणी दिसल्यास उजाडेपर्यंत उंचावर थांबावे.
- गाडी पाण्यात बंद पडल्यास पुन्हा चालू करू नये. पाणी चढण्यापूर्वी सर्वांनी बाहेर पडावे.
- साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत ते सुकवून घ्यावेत.
- प्रवाशांनी चालकावर घाई लादू नये. चालक थांबत असेल तर त्याला पाठिंबा द्यावा.

ओढ्याचा पूर मोठ्या नदीच्या पुरासारखा दिवसेंदिवस राहत नाही. बहुतेक ठिकाणी काही तासांत पाणी उतरते आणि तीच फरशी पुन्हा उघडी पडते. गाडी वळवून मागे नेण्याची किंमत म्हणजे हे काही तास, थोडे अधिक इंधन आणि घरच्यांना करावा लागणारा एक फोन. हा निर्णय काठावर असेपर्यंतच चालकाच्या हाती असतो. पुढची चाके पाण्यात गेली की तो पाण्याच्या हाती जातो.